'समस्त रहिवाशांचा' म्हणजे कुणाचा?

महापालिकेची निवडणूक लागली की आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी फ्लेक्स चढतो. वर बुद्ध आणि बाबासाहेब, मधे हात जोडलेला उमेदवार, खाली मंडळाच्या तीस-चाळीस पोरांची मुंडकी. आन् मोठ्या अक्षरात : 'समस्त रहिवाशांचा जाहीर पाठिंबा'. दोस्तांनो, मला या एका 'समस्त' शब्दाबद्दल बोलायचंय. हा समस्त कोण? त्याला कुणी विचारलं? कधी विचारलं?

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. गिरणीत बदली कामगार असतो. तो पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर उभा राहतो. कायम माणूस आला नाही तर त्याच्या साच्यावर याला घेतात, आला तर हा डबा घेऊन घरी. म्हणजे बदलीला साचा मिळतो तो धनी गैरहजर असेल तरच. वस्तीत मात्र उलटा कारभार. माणसं हजर हैत, दारात बसलेली हैत, जिवंत हैत, आन् मंडळ त्यांच्या नावावर बदली लागून मोकळं होतंय.

मंडळाला शिव्या घालायला मी बसलेलो नाही. रात्री दोनला कुणाच्या छातीत कळ आली तर रिक्षा मंडळाची पोरंच आणतात. मयताला खांदा मंडळ देतं, जयंती मंडळ करतं, पोरांना वह्या मंडळ वाटतं. प्रस्थापितांच्या सोसायट्यांत असली मंडळं नसतात, कारण त्यांना एकमेकांची तेवढी गरज पडत नाही. म्हणून प्रश्न अवघड आहे. मंडळ जर निव्वळ दलालांचं टोळकं असतं तर दोन ओळीत विषय संपला असता.

आमचे दादा मंडळाचे जुने अध्यक्ष. मला म्हणाले, "तू कवी हैस. आपल्या उमेदवारावर चार ओळी लिही. चाल लावू, रिक्षावर फिरवू."

मी म्हटलं, "दादा, आपला कसा? कुणी ठरवला?"

"आम्ही बसलो हुतो."

"किती जण?"

"अकरा."

"बायका किती?"

दादा हसले. म्हणाले, "रात्री अकराला बायका कुठून येतील? आन् ऐक, एकट्याचं मत म्हंजे चिमूटभर मीठ. समुद्रात टाकलं तरी कळत न्हाई. गठ्ठा बांधला तर गटार तरी होतंय."

हे बोलणं खोटं नाही. म्हणूनच त्याला उत्तर देणं भाग आहे. ज्याच्याकडं गिरणी नाही, जमीन नाही, छापखाना नाही, त्याच्याकडं फक्त डोकी असतात. डोकी एकत्र मोजली गेली नाहीत तर त्यांना कोण विचारणार? एकगठ्ठा मतदान म्हणून आपल्याला हिणवणारे स्वतः काय करतात ते आपण बघतोच. त्यांच्या गठ्ठ्याला 'जनमत' म्हणतात, आपल्या गठ्ठ्याला 'व्होट बँक'. तेव्हा गठ्ठा बांधणं हे पाप आहे असं मी म्हणत नाही. पण तो कुणी बांधायचा, कुणासमोर बांधायचा, आन् त्यातून निघायचा मार्ग मला उरतो की नाही, हा नीतीचा प्रश्न आहे.

१९१९ साली साउथबरो समितीपुढं बाबासाहेबांनी साक्ष दिली. वय २७. आपल्यातल्या बहुतेकांच्या बरोबरीचे. मालमत्ता असेल त्याला मत, असा तो काळ. ज्याच्या अंगावर धड कपडा नाही त्याला मत पाहिजे असं तिथं मांडायचं म्हणजे थट्टा करून घेण्याची तयारी ठेवणं होतं. पुढं घटनेनं प्रत्येक सज्ञान माणसाला मत दिलं. मंडळाला दिलं नाही, जातीला दिलं नाही, घरातल्या कर्त्या पुरुषाला दिलं नाही. आमचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेलं आहे, पण माझ्या आईचं मत धर्मादायात जमा झालेलं नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावून ठेवलंय. आपण ते दिल्लीच्या पुढाऱ्यांपुरतं वाचतो, चौकात टाळ्या घेतो. गल्लीतल्या दादापुरतं ते कुणी वाचत नाही.

आता पाठिंब्याच्या बदल्यात काय मिळतं ते बघू. मंडळाला खुर्च्या, मोठी पातेली, पोरांना टी-शर्ट, जयंतीच्या मिरवणुकीचा खर्च, समाजमंदिराला रंग. हे मंडळाला मिळतं. वस्तीला काय? तर पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, गटारावरची फरशी, नळाची लाइन. अरे पण हे तर आपलंच! पाणीपट्टी आपण भरतो. दलितवस्ती सुधारणेचा पैसा आपल्या नावानं येतो. जे कायद्यानं आपलं, ते आपल्यालाच विकायचं आन् किंमत म्हणून आपलंच मत घ्यायचं. गिरणीत कुणी माझाच पगार मला बक्षीस म्हणून दिला तर मी त्याच्या नावाचं गाणं म्हणू?

महाडचं एवढ्यासाठी आठवावं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर, पाणी तळ्यात, माणसं तहानलेली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, तेव्हा त्या ठरावाला ओल लागली. आन् त्याच वर्षी नगरपालिकेनं ठराव मागंही घेतला. शेवटचा निकाल हायकोर्टातून १९३७ साली आला. नगरपालिका देऊ शकते तशी काढूनही घेते. तळ्यावर गेलेल्या माणसांनी कुणाला पाठिंबा देऊन पाणी मागितलं नव्हतं. ती स्वतःच्या पायांनी गेली, आन् त्यात बाया होत्या.

बायांचं मुद्दाम काढतोय. आमच्याकडं पाणी चार दिवसांआड येतं, तेही पहाटे. उठतं कोण? आई, वहिनी, शेजारच्या काकू. कुठला व्हॉल्व्ह कोण फिरवतं, कुठल्या गल्लीत दाब कमी, हे मंडळाच्या अकरा जणांपैकी एकालाही सांगता यायचं नाही. राज्यातल्या बहुतेक महापालिकांत २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. तेव्हा पाठिंबा द्यायला कुणी शिल्लकच नव्हतं (मुंबईतही त्याच काळात प्रशासकच होता म्हणा). त्या काळात आमचं तुंबलेलं गटार निघालं ते कुणाच्या फ्लेक्समुळं नाही. नऊ बाया अर्ज घेऊन कार्यालयात पाच वेळा गेल्या, पोचपावती मागितली, सहाव्या वेळेला घाण पाण्याची बाटली साहेबाच्या टेबलावर ठेवली. मंडळ तेव्हा जयंतीच्या वर्गणीत होतं.

दादांचा दुसरा मुद्दा, "मत गुप्त हाय की. पाठिंबा दिला म्हणून तुझा हात कोण धरतंय?" माझा हात कुणी धरत नाही, खरं. पण मतयंत्रामुळं केंद्रावारी आकडा कळतो. आमची वस्ती म्हणजे दोन केंद्रं. 'समस्त'चा शब्द दिला आन् आकडा फुटला, तर शिक्षा मला एकट्याला नाही, वस्तीला. टँकर उशिरा येतो. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं यंत्र आणावं असं निवडणूक आयोगानं २००८ साली सुचवलं होतं. ते आलं नाही. म्हणजे अकरा जण शब्द देतात आन् ओलीस राहते सगळी वस्ती.

गठ्ठ्यालाही नीती असते, हे मी भंडाऱ्यावरून म्हणतो. तेव्हा दुहेरी मतदारसंघ होते, मतदाराला दोन मतं. १९५४ च्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. दुसरं मत कुणालाच न देता कुजवावं, म्हणजे बाबासाहेब निघतील, असा कार्यकर्त्यांचा हिशेब होता. बाबासाहेबांनी त्याला नकार दिला, असं त्या निवडणुकीच्या आठवणींत येतं. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. आज चार-चार नगरसेवकांचे प्रभाग आहेत, चार मतं आहेत, आन् 'एक आपल्याला, तीन कुजवा' किंवा 'तीन विका' असे हिशेब रात्रीत होतात.

आन् पाठिंबा काढून घेणं? तेही आपल्या चळवळीनं केलंय. ५ जानेवारी १९७४ ला वरळीला पँथरनं मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्कार जाहीर केला. भर सभेत, माईकवर, पोलिसांसमोर. त्याची किंमत रक्तात मोजावी लागली. दंगल झाली, १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव मारले गेले. काँग्रेसचा उमेदवार पडला, रोझा देशपांडे निवडून आल्या. बहिष्कार बरोबर की चूक यावर भांडा खुशाल. पण तो निर्णय लेटरपॅडवर, बंद खोलीत, पातेल्यांच्या बदल्यात झाला नव्हता.

मी दादांना म्हटलं, पाठिंबा द्यायचाय तर द्या. पण सभा घ्या, दिवसाउजेडी, नळाच्या वेळा सोडून. उमेदवाराला बोलवा, बायांना प्रश्न विचारू द्या, काय ठरलं ते वहीत लिहा, वही समाजमंदिरात ठेवा. २००९ पासून महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आहे, निवडून आल्यावर तीसुद्धा मागा. आन् फ्लेक्सवर 'समस्त' नको. 'सभेला हजर असलेल्या इतक्या जणांचा' असं लिहा, आकडा घाला.

दादा म्हणाले, "आन् सभेनं माझाच माणूस निवडला तर लिहिशील गाणं?"

"न्हाई."

"मग कशाला सभा?"

मी म्हटलं, सभेला तिचा पाठिंबा ठरवायचा हक्क आहे, माझं मत ठरवायचा नाही. मी वेगळं बटण दाबलं आन् तसं उघड सांगितलं, तरी जयंतीला माझ्या घरची वर्गणी घ्याल का? पाण्याच्या रांगेत माझ्या आईला कुणी टोमणा मारला तर तुम्ही त्याला गप्प कराल का?

दादांनी तंबाखू मळली, बराच वेळ मळली. म्हणाले, "सभेचं बघू. आईचं मी बघतो."