काजळी कोठे जाते?

घरात वीज येण्यापूर्वी कंदिलाची काच रोज सायंकाळी राखेने पुसावी लागे. ते काम मुलांकडे असे, कारण काचेत त्यांचाच हात जाई. काजळी फडक्यावर उतरे, फडके धुतले की ती मोरीवाटे परसात जाई आणि आमच्या लेखी तेथे संपे. शहापूरच्या घरी भाजीच्या पिकअपचे इंजिन उघडून बसलो, तेव्हा ही समजूत आम्हांस प्रथमच अपुरी वाटली.

गाडी डिझेलची, बीएस-४ काळातली. भेंडी भरून डोळखांबच्या रस्त्याने येताना ती चढावर दम टाकू लागली होती. गॅरेजवाल्याने झाकण उघडून पाहिले आणि म्हणाला, "दादा, साफ कशाला करत बसता? ईजीआरला पत्र्याची पट्टी मारून टाकतो. गाडी पळेल, काळा धूर कमी होईल, पीयूसीलाही काही अडणार नाही." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्यामुळेच तर प्रश्न पडला.

हा ईजीआर व्हॉल्व्ह करतो काय? जळालेल्या वायूचा काही भाग तो पुन्हा हवेच्या मार्गात सोडतो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे कमी तयार होतात. परंतु त्या वायूबरोबर काजळीही माघारी येते, क्रँककेसमधून आलेल्या तेलाच्या वाफेत मिसळते आणि मार्गाच्या भिंतींवर डांबरासारखी बसते. इतरांच्या छातीत जाणारे विष थोडे कमी व्हावे म्हणून इंजिन स्वतः गुदमरत असते. पट्टी मारली की त्याची गुदमर थांबते. मग ते वायू बाहेर पडतात. त्यांना काजळीसारखा काळा रंग नसतो, आणि डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत मोजली जाते ती धुराची दाटी. म्हणजे गाडी अधिक विष सोडील आणि कागदावर अधिक स्वच्छ ठरेल.

कायद्याला न दिसणारे, शेजाऱ्यालाही न जाणवणारे आणि परिणामाने कणभर असे कृत्य दोषास्पद मानावे काय? सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते स्वच्छ राहण्याची युक्ती तिच्या डिझेल मोटारींत बसवलेली होती. अशा मोटारी जगभर सुमारे १ कोटी १० लाख भरल्या. शहापुरातली पत्र्याची पट्टी आणि ती युक्ती यांचा वंश एकच आहे. तरीही दोघांचे माप एक धरणे आम्हांस अन्यायाचे वाटते. पाप गंभीर ठरण्यास ख्रिस्तसभेने तीन गोष्टी सांगितल्या आहेत: कृत्याचे गांभीर्य, पुरती जाणीव आणि बुद्ध्याच दिलेली संमती. हप्ता थकलेल्या आणि व्हॉल्व्ह कशासाठी असतो हे ज्याला कोणी सांगितलेच नाही अशा चालकाची पट्टी आम्ही त्याच्या माथी मारणार नाही. अडचण आमची आहे. आम्हांस आता ठाऊक झाले होते.

म्हणून पट्टी नाकारली आणि घरीच साफसफाईस बसलो. कामाला एक दिवस गेला. बॅटरीचे टर्मिनल सोडवून व्हॉल्व्ह उतरविला. त्याच्या विजेच्या भागाला थेंब लागू न देता लोखंडी भाग डिझेलमध्ये भिजत ठेवला. मॅनिफोल्डचे तोंड फडक्याने बंद केले, कारण सुटलेला खडा सिलिंडरमध्ये गेला तर स्वच्छतेपेक्षा दुरुस्ती महाग पडते. ॲल्युमिनियमवर ओरखडे उठू नयेत म्हणून लाकडाच्या पातळ पट्टीने खरवडले आणि जुन्या दातांच्या ब्रशाने घासले. मार्ग निम्माअधिक बुजलेला होता. नवे गॅस्केट घालून सायंकाळी गाडी सुरू केली आणि अंगणातले सारे समाधान पावले.

मग घमेल्याकडे लक्ष गेले. त्यात दोन लिटर तरी काळे डिझेल होते. घरामागचा ओहोळ तेव्हा कोरडा होता. वर्षानुवर्षे सारे तेथेच ओतत आले आहेत, आम्हीही ओतले आहे. पण पहिल्या पावसात तो ओहोळ वाहतो आणि पुढे भातसेला मिळतो. भातसेचे पाणी पिसे येथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईच्या नळांना जाते.

येथे मनात एक कडवट विचार आला, तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणापासून हा तालुका मुंबईला पाणी देतो आहे आणि उन्हाळ्यात त्याच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. ज्यांनी आमचे पाणी नेले त्यांच्या पाण्याची काळजी आम्ही का करावी? तक्रार खरी आहे. तिचे उत्तर शासनाने द्यायला हवे. पण घमेले हातात धरून उभे असताना ध्यानात आले की, ती तक्रार आम्ही पाड्यांवरील बायकांसाठी मांडत नव्हतो. आळसाला सबब हवी होती आणि दुसऱ्याचे दुःख सोयीचे सापडले होते. शिवाय पिसे येण्याआधी त्याच नदीकाठी कितीतरी गावे आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचे आणि गरिबांचे दुःख एकत्र ऐकण्यास सांगितले. आम्ही त्यांतले एक दुसऱ्याविरुद्ध वापरीत होतो.

काळे डिझेल कॅनमध्ये भरून, बूच घट्ट लावून पडवीत ठेवले. घरच्यांना वासाचा त्रास झाला, बोलणीही बसली. महिन्याभराने जुने ऑईल गोळा करणारा माणूस आला, त्याने कॅन उचलून टेम्पोत टाकला आणि वर वीस रुपये दिले. तो ते कोठे नेतो, वीटभट्टीत जाळतो की आणखी कोठे ओततो, हे आम्ही त्यास विचारले नाही. विचारावे असे मनात आले होते. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत आम्ही पायरीवर उभे होतो, आणि वीस रुपये हातातच होते.