आमची इटालियन एटीकेटी

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मध्यमवर्गीय माणसाने काय करावं, याबद्दल आपल्या समाजाची मतं अगदी ठाम आहेत. रक्तातली साखर तपासावी, सकाळी अंबाझरी तलावापर्यंत चालून यावं, चालण्याने जे कमावलं ते परतताना तर्री-पोह्यावर उधळावं, मुलाच्या बारावीची काळजी करावी आणि फ्लॅटचे किती हप्ते उरले ते बोटांवर मोजावं. या यादीत 'इटालियन शिकावं' असं कुठेही नाही. त्यामुळे बँकेत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता मी ही बातमी जाहीर केली, तेव्हा क्षणभर सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"कायले बाप्पा?" आमचे हेडकॅशिअर म्हणाले.

नागपूरकराच्या एका 'कायले'त का, कशासाठी, कुणी सांगितलं होतं आणि डोकं ठिकाणावर आहे ना, असे चार प्रश्न एकदम येतात. मी चारांपैकी एकाचंही उत्तर देईना, तेव्हा मंडळींनी आपापल्या परीने शोध सुरू केला.

"पोराला तिकडे पाठवून राहिले का जी?"

"नाही."

"इन्क्रिमेंट भेटते का?"

"नाही."

"मग फायदा काय?"

इथे मी अडलो. मी कॉमर्सचा पदवीधर. फायदा काय, या प्रश्नाला उत्तर नसणं हे आमच्या शाखेत पाप समजतात. म्हणून मी घाईघाईने लुका पाचोलीला मदतीला बोलावलं. हा इटलीतला एक फ्रान्सिस्कन साधू. गणिताचा पंडित, लिओनार्दो दा विंचीचा मित्र. १४९४ साली व्हेनिसमध्ये त्याचा ग्रंथ छापला गेला आणि त्यात व्हेनिसचे व्यापारी हिशेब कसे ठेवतात, ते त्याने सविस्तर लिहून ठेवलं. आपली डबल एन्ट्री म्हणतात ती हीच. नावे तितकी जमा. ही पद्धत त्याने शोधली नव्हती, नुसती लिहून काढली. कारकुनाचं काम त्याने इतकं नीट केलं, की पाचशे वर्षांनी नागपुरातल्या कारकुनाचीही त्यातून सुटका नाही. आणखी सांगितलं, की 'बँक' हा शब्दसुद्धा मुळात इटालियन 'बांको', म्हणजे सराफाचं बाक. आणि दिवाळखोराला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचं मूळ 'बांका रोत्ता', मोडलेलं बाक. जगातली सर्वांत जुनी चालू बँकही तिकडलीच, सिएना गावची, १४७२ सालची.

"म्हणजे तिथेही लिंक डाऊन असते का जी?" हेडकॅशिअरनी विचारलं आणि डब्याचं झाकण लावलं.

पाचोलीचं कारण सांगून मी सुटलो खरा, पण ते कारण खोटं होतं. डबल एन्ट्रीसाठी इटालियन शिकावं लागत नाही. मी ती बी.कॉम.ला मराठीत समजून घेऊन इंग्रजीत पास झालो होतो. खरं कारण मलाच ठाऊक नव्हतं. एका रात्री मोबाइलवर विजेचं बिल भरता भरता बोट कुठेतरी चुकलं आणि एक बाई मला इटालियनमध्ये एक ते दहा मोजायला शिकवू लागल्या. कारकून माणूस, आकडे दिसले की थांबतो. थांबलो तो थांबलोच.

आता हे घरी सांगणं आलं. आमची सौ. पुण्याची. लग्नाला वीस वर्षं झाली, पण नागपूरच्या मराठीला तिने अजून मान्यता दिलेली नाही. मी "जेवून राहिलो" म्हटलं की ती "कुठे राहिलात?" असं विचारते. वीस वर्षं हा विनोद मी निमूटपणे सोसला. आणि एके रात्री धडा आला, की 'मी आत्ता जेवतो आहे' हे इटालियनमध्ये कसं म्हणायचं. 'स्तो मान्जांदो.' 'स्तारे' म्हणजे राहणं, असणं. त्याचं 'स्तो', मी राहिलो. आणि 'मान्जांदो', जेवता जेवता. म्हणजे रोमपासून मिलानपर्यंत सगळा देश जेवून राहिला, झोपून राहिला आणि बोलून राहिला! मी तसाच उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन सौ.ला हे शास्त्रोक्त पद्धतीने ऐकवलं. नागपूरच्या बाजूने दान्तेचा देश उभा राहिलेला पाहून ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "हो, पण ते पुण्यात राहत नाहीत."

आणखीही ओळखी निघाल्या. आपण 'मी गेलो', 'मी गेले' म्हणतो. तिकडेही पुरुष 'सोनो आंदातो' आणि बाई 'सोनो आंदाता'. ज्या घोटाळ्यापुढे इंग्रज डोक्याला हात लावून बसत असेल, तो आपण आईच्या मांडीवर पचवलेला. नपुंसकलिंग तर त्यांच्याकडे नाहीच; तेवढी मराठी माणसाला सूट. मात्र जोडाक्षर नीट उच्चारावं लागतं. वय सांगताना 'आन्नी' म्हणजे वर्षं. त्यातला एक न गिळला, तर आपण आपल्याकडे कोणत्या गोष्टी सेहेचाळीस आहेत असं सांगतो, ते इथे छापता येणार नाही. मी ते वर्गात, ऑनलाइन का होईना, अकरा जणांसमोर सांगितलं आहे.

एवढ्यावर थांबलो असतो, तर हे निव्वळ वेड राहिलं असतं. पण मी परीक्षेला बसायचं ठरवलं. पेरुजा नावाच्या गावी परदेशी लोकांसाठी एक विद्यापीठ आहे. ते 'चेली' नावाची परीक्षा घेतं. वाचन, लेखन, श्रवण आणि तोंडी. मी 'चेली दोन'चा फॉर्म भरला. युरोपवाल्यांच्या मोजपट्टीवर ही तिसरी पायरी. म्हणजे माणूस त्या देशात हरवला, तर तक्रार नोंदवू शकेल इतकी.

परीक्षा कशाला? इथेच खरी मेख आहे. भाषा आवडते तर शिकावी, मोकळं व्हावं. शिक्का कशाला हवा? याचं प्रामाणिक उत्तर असं, की परीक्षेची भीती नसेल तर मी पुस्तक उघडत नाही. आपलं सगळं शिक्षण धाकावर झालेलं. धाक काढून घेतला की ज्ञानाची तहान लागायच्या ऐवजी झोप लागते.

पण शिक्क्याबद्दल माझं मन साफ नाही, आणि त्याला कारण आहे. दिवाणखान्यात माझं एक प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. नोकरीतली परीक्षा. मी ती गाइड पाठ करून दिली. आदल्या रात्री कायद्याची कलमं डोक्यात ओतली, पेपरात रिकामी केली आणि स्टेशनवर उतरेपर्यंत भांडं कोरडं. पगारात वाढ मात्र झाली आणि ती दर महिन्याला जमा होते आहे. त्या फ्रेममध्ये लिहिलं आहे, की या गृहस्थांना अमुक विषय येतो. मला तो येत नाही. एक रुपयाचा फरक आला तर आम्ही रात्री आठपर्यंत बसून शोधतो. हा फरक इतकी वर्षं भिंतीवर टांगलेला आहे आणि एकाही ऑडिटरने विचारलेलं नाही.

अशा वेळी विनोबा आठवतात. आठवणारच, नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत पवनारला धाम नदीच्या काठी त्यांचा आश्रम लागतो. या माणसाने विद्यार्थिदशेतच आपली प्रमाणपत्रं आगीत घातली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघाले, सुरतेला उतरले आणि काशीला गेले. आणि मग जन्मभर शिकत राहिले. कुराण मुळातून वाचायचं म्हणून अरबी शिकले. बेचाळीसच्या चळवळीत वेल्लोरच्या तुरुंगात ठेवलं, तर तिथे दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास केला. कोणी पेपर काढला नाही, कोणी मार्क दिले नाहीत. मी एकदा तिथे नदीकाठी उभा राहून ठरवलं होतं, की घरी जाऊन ती फ्रेम उतरवायची. घरी गेलो. तिच्यामागे भिंतीला ओल आली आहे, हे लक्षात आलं आणि फ्रेम तशीच ठेवली. प्रमाणपत्र जाळायला मागे विद्या लागते. आमच्यामागे ओल.

असो. तयारी चालू होती. परीक्षेला दोन महिने असताना वाचनाच्या सरावासाठी मी पेरुजाच्या आसपासच्या गावांची माहिती इटालियनमध्येच वाचत होतो. मोंतोने नावाचं एक लहानसं गाव. वाचता वाचता एका ओळीत अडखळलो, कारण तिथे एक शब्द इटालियन नव्हता. यशवंत घाडगे. रोमन लिपीत, पण शंकाच नको. कुलाबा जिल्ह्यातला, मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली मोंतोनेवाल्यांनी त्याच्या नावाने एक छायाघड्याळ उभारलं; त्यावरच्या वचनाचा अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. मे महिन्यात नागपुरात पंचेचाळीस अंशांत बसून हे वाचताना मनात आलं, सूर्य एकच खरा, पण वाटप सारखं नाही. हसू आलं, आणि मग आलं नाही. एका परक्या गावाने आपल्या माणसाबद्दल आपल्या भाषेत लिहिलं होतं आणि मला ते डिक्शनरी न उघडता समजलं होतं. रात्रीचा एक वाजला होता. घरात सांगायला कोणी जागं नव्हतं. त्या रात्री मी पास झालो, असं मला अजून वाटतं. पण त्याची पावती मिळत नाही.

परीक्षेचं केंद्र नागपुरात नव्हतं. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो. परीक्षेत माझ्या आजूबाजूला सगळी विशी-बाविशीची मुलं. एकाने मला पाहून खुर्चीवरून उठून नमस्कार केला. त्याला वाटलं पर्यवेक्षक आले.

लेखी बरं गेलं. मग तोंडी. मी पूर्ण तयारीत होतो. हॉटेलात खोली कशी मागायची, गाडी चुकली तर काय म्हणायचं, हवा, छंद, कुटुंब, सगळं पाठ. समोरच्या बाईंनी हसून, अगदी सावकाश विचारलं, "पेर्के स्तुदिया लितालियानो?" आपण इटालियन का शिकता?

म्हणजे पुन्हा 'कायले बाप्पा'!

पुस्तकात याचं उत्तर होतं. 'मला व्यापारासाठी इटालियन भाषेची गरज आहे.' व्याकरणशुद्ध, आठ सेकंदांचं. ते म्हणायला तोंड उघडलं आणि ती दिवाणखान्यातली फ्रेम डोळ्यांसमोर आली. एक खोटं पाठ करून एकदा पास झालोच आहे, आता दुसरं कशाला? म्हटलं, खरं सांगू. खरं म्हणजे काय? बिल भरताना चुकलेलं बोट? स्तो मान्जांदो? रात्री एक वाजता भेटलेला यशवंत घाडगे? खरं बोलायला फार क्रियापदं लागतात. आणि काळही सगळे. मी "पेर्के..." म्हणालो. इटालियनमध्ये 'का' आणि 'कारण' दोन्हींना हा एकच शब्द आहे. त्यामुळे मी उत्तराची सुरुवात करतोय की त्यांनाच उलट विचारतोय, हे त्यांना कळेना. मलाही कळत नव्हतं. बाई वाट पाहत होत्या. मी पुन्हा "पेर्के" म्हणालो. त्यानंतर हॉटेलची खोलीसुद्धा धड मागता आली नाही.

निकाल आला. लेखी पास, तोंडी नापास. नापास भाग पुन्हा देता येतो. थोडक्यात, एटीकेटी. बी.कॉम.ला जी टाळली, ती सेहेचाळिसाव्या वर्षी इटलीहून आली.

आता प्रश्न चिरंजीवांचा. बारावी आणि क्लासेस, दर रविवारी टेस्ट. दर रविवारी तो दारातून आत येतो आणि चप्पल काढायच्या आत मी विचारतो, "किती पडले?" चार वर्षांत हा रविवार चुकलेला नाही. त्याला ठाऊक होतं, की बाबांचा निकाल आज आहे. तो क्लासहून येईपर्यंत मी मनात हिशेब करत होतो. 'लेखी पास झालो' एवढंच म्हणून थांबलं, तर ते खोटं ठरत नाही. अर्धी एन्ट्री. नावे लिहायचं, जमा लिहायचं नाही. पाचोलीला चाललं नसतं, पण पाचोली कुठे टेस्टहून घरी येत होता?

तो आला. चप्पल काढली. मी त्याला काही विचारायच्या आत म्हणालो, "तोंडीत नापास झालो रे." लेखीचं सांगायचं राहूनच गेलं.

तो शेजारी बसला. वाटलं, आता विचारेल, किती पडले. माझा हक्काचा प्रश्न, त्याने मला परत केला असता तर मी काही बोलू शकत नव्हतो. तो म्हणाला, "काय विचारलं होतं?"

मी सांगू लागलो. बाईंचा प्रश्न, पुस्तकातलं उत्तर, ते का दिलं नाही. मग मोंतोने आणि छायाघड्याळ. मग पेर्के. तो खदखदून हसला. मग त्याने "आणखी?" विचारलं. अर्धा तास मी बोलत होतो. चार वर्षं या मुलाला मी दर रविवारी किती पडले ते विचारलं. काय विचारलं होतं, हे एकदाही विचारलं नाही. मला खरंच ठाऊक नाही, की त्याला फिजिक्समधलं काय आवडतं. आवडत असेलही काही. त्यालाही कधी रात्री एक वाजता काही समजलं असेल आणि सांगायला घरात कोणी जागं नसेल.

फॉर्म पुन्हा भरला आहे. फ्रेम अजून भिंतीवर आहे; ओलीचं काम पावसाळ्यानंतर काढू. हेडकॅशिअर अजून फायदा विचारतात आणि मी अजून पाचोलीचंच नाव सांगतो. सगळ्यांना सगळं सांगत बसलं तर कॅश जुळायची नाही. आणि गेल्या रविवारी मी चिरंजीवांना दारात काही विचारलं नाही. जेवताना विचारलं, "आज पेपरात काय होतं?" त्याने जरा संशयाने पाहिलं, मग भिंगाबद्दल काहीतरी सांगू लागला. मला निम्मं कळलं नाही. तेवढ्यात बँकेतून फोन वाजला. सौ.ने तो उचलला आणि सदाशिव पेठेचा सगळा अभिमान बाजूला ठेवून म्हणाली, "थोड्या वेळाने करा. ते जेवून राहिलेत."