पाहुणा की गिऱ्हाईक?

मॉरिशसच्या कुठल्याही पॅकेजची जाहिरात उघडून बघा. निळंशार पाणी, पांढरी वाळू, एक झुकलेलं नारळाचं झाड आणि शेजारी दोन आरामखुर्च्या. फोटोत फक्त माणूस नसतो. असलाच तर तो आपल्यासारखाच सुट्टीवर आलेला, पाठमोरा, टोपी घातलेला. तिथला राहणारा कुणी दिसलाच तर त्याच्या हातात ट्रे असतो.

'बेट' म्हटल्यावर आपल्या डोक्यात येतं ते हेच चित्र. रिकामं, स्वच्छ, आपली वाट बघत पडलेलं. वर्षभर ऑफिसात घासल्यावर असं चित्र बघून जीव हलका होतो, यात गैर काही नाही. पण मला एक प्रश्न बरेच दिवस छळतोय. दुसऱ्याच्या बेटावर मजा करायला जाणारा माणूस त्या बेटाचं काही देणं लागतो का? विमानाचे, हॉटेलचे, बोटीचे पैसे भरले की हिशेब मिटतो, की काही बाकी राहतं?

गंमत म्हणजे मॉरिशस एकेकाळी खरोखरच रिकामं होतं. डच लोक १५९८ मध्ये तिथं उतरले तेव्हा बेटावर माणसाची वस्ती नव्हती. डोडो होता, डचांच्या आगमनानंतर शंभर वर्षांच्या आत तो संपला. मग फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले. उसाच्या मळ्यांत राबायला मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. ब्रिटिश सरकारनं आपल्या वसाहतींतल्या गुलामांच्या मालकांना एकूण दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना काही मिळालं नाही. मळ्यांना हात हवेच होते, म्हणून भारतातून 'गिरमिट' म्हणजे करारावर मजूर नेण्यात आले. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख.

म्हणजे या बेटावर माणसं केवळ मजेसाठी येऊ लागली ही अगदी अलीकडची गोष्ट. त्याआधी जे आले त्यातल्या बहुतेकांना कामासाठी आणलं होतं. आपल्या सुट्टीतल्या ज्या तीन गोष्टी आपण आवर्जून शोधतो, त्या म्हणजे खाणं, थरार आणि 'लोकल कल्चर', त्या तिन्ही तिथं याच माणसांनी घडवल्यात.

गूळ नसलेली पुरणपोळी

मॉरिशसला गेलात आणि दालपुरी खाल्ली नाहीत तर काय केलंत, असं सगळे सांगतात. खरंच आहे ते. शिजवून बारीक केलेली चणाडाळ, हळद, जिरं, हे सारण भरून पातळ लाटलेली पोळी. रस्त्याकडेला ती जोडीनं मिळते. आत वालासारख्या पांढऱ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रुगाय, चटणी. कागदात गुंडाळून हातात देतात. आपल्याला ती बघताक्षणी ओळखीची वाटते: गूळ नसलेली पुरणपोळीच ही!

ही पोळी बिहारकडच्या मजुरांबरोबर तिथं गेली. करार सहसा पाच वर्षांचा असे, पगार महिना पाच रुपयांच्या आसपास आणि वर शिधा. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापण्याची पद्धत होती, तिला 'डबल कट'च म्हणत. सगळं जगणं साखरेसाठी, आणि जगवणारा घास मात्र तिखटमिठाचा.

आता हे माहीत असलं म्हणून पुरीची चव बदलते का? जिभेवरची नाही बदलत. पण खाणाऱ्याची नजर बदलते. नाहीतर आपण 'चीप अँड बेस्ट स्ट्रीट फूड' असं कॅप्शन टाकून पुढे जातो. माहीत असलं तर निदान कळतं, की आपण एखाद्या घराण्याची शिदोरी खातोय.

डोंगर आणि खोटा धबधबा

बेटाच्या नैऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा डोंगर आहे, ५५६ मीटर उंच, समुद्रातून सरळ उठलेला. ट्रेकिंगवाले तिथं पहाटे चढतात. आणि त्याच्याच समोर इन्स्टावर गाजलेला 'पाण्याखालचा धबधबा' आहे. हेलिकॉप्टरमधून पाहिलं की समुद्राच्या पोटात धबधबा कोसळतोय असं वाटतं. प्रत्यक्षात ती वाळू आणि गाळ खोल उतारावरून घसरताना तयार झालेली रंगांची फसवणूक आहे. सुंदर आहे, पण धबधबा नाही.

त्या फोटोत ल मॉर्न बहुतेकदा मागे दिसतो. मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगराच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. तिथं पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी एक कथा आहे. गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला शिपायांची तुकडी डोंगराकडे आली. वरच्यांना वाटलं, आपल्याला पकडायला आले. त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही कथा कागदपत्रांनी सिद्ध करता येवो न येवो, डोंगर लपण्याची जागा होता हे खरं आहे. २००८ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते याच आठवणीसाठी.

थराराचं काय करायचं मग? चढूच नये का? मला तसं वाटत नाही. पण आपण ज्याला 'ॲडव्हेंचर' म्हणतो त्यात खाली उतरायची खात्री असते. जीपमध्ये पाणी असतं, गाइड असतो, इन्शुरन्स असतो. ज्यांना खाली उतरताच येत नव्हतं त्यांच्या वाटेवरून आपण चालतोय, हे लक्षात असलेला माणूस माथ्यावर जरा हळू आवाजात बोलेल. एवढं झालं तरी पुष्कळ.

रात्री आठचा सेगा

रिसॉर्टमध्ये जेवणानंतर सेगाचा कार्यक्रम असतो. रंगीत घेरदार स्कर्ट, ढोल, हसरे चेहरे, शेवटी पाहुण्यांना ओढून नाचवतात. सेगा गुलामांच्या वस्त्यांत जन्मला. रावान हे बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य, ते शेकोटीवर तापवून ताणतात. पाय जमिनीवरून न उचलता घसटत नाचायचं. आज तो साऱ्या बेटाचा नाच आहे, आणि नाचणारे पोटासाठी नाचत असले तरी ते त्यांचं कसब आहे. त्यांची कीव करणं हा त्यांचा अपमानच.

पण सेगा म्हणजे फक्त रात्री आठचा शो नव्हे. काया नावाच्या गायकानं सेगा आणि रेगे मिसळून 'सेगे' घडवलं आणि बेटावरच्या गरीब क्रिओल वस्त्यांचा आवाज बनला. फेब्रुवारी १९९९ मध्ये पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला आणि देशभर दंगल उसळली. हे गाणं आपल्या ब्रोशरमध्ये नसतं. 'कल्चर' आपल्याला हसतं हवं असतं. रागावलेलं कल्चर आपण पॅकेजात घेत नाही.

रिकाम्या बेटाची किंमत

कुणी म्हणेल, चित्रच आहे ना, रिकामं दाखवलं तर बिघडलं काय? हिंदी महासागरातच याचं उत्तर आहे. चागोस बेटं मॉरिशसचाच भाग होती. १९६५ मध्ये ब्रिटननं ती वेगळी काढली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेच्या लष्करी तळासाठी जागा करून दिली. तिथं पिढ्यानपिढ्या राहणारी माणसं होती. त्यांना 'तात्पुरते कंत्राटी कामगार' ठरवलं गेलं, आणि १९७३ पर्यंत सगळ्यांना उचलून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर सोडण्यात आलं. बेट रिकामं आहे असं आधी कागदावर लिहिलं, मग ते खरं केलं.

पर्यटक काही सरकार नव्हे, मान्य. पण 'इथं कुणी नाही' ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे. मॉरिशसमध्ये किनारा कायद्यानं सार्वजनिक आहे, तरी हॉटेलांमुळे समुद्राकडे जायच्या वाटा अडतात म्हणून 'आमचे किनारे चोरणं थांबवा' अशा अर्थाच्या क्रिओल नावाची नागरिकांची चळवळ उभी राहिली. आणि २०२० मध्ये वाकाशिओ हे जहाज प्रवाळावर चढून तेल गळायला लागलं, तेव्हा हजारो लोक किनाऱ्यावर धावले. उसाचं पाचट कापडात भरून त्यांनी लांबच लांब तरंगते बांध शिवले. ज्या निळ्या पाण्याचा आपण वॉलपेपर ठेवतो ते वाचवायला ही माणसं होती.

"अरे, आम्ही सुट्टीवर आहोत!"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. चार दिवसांची रजा, ईएमआयवर घेतलेलं पॅकेज, त्यात इतिहासाचं ओझं कशाला? शिवाय पर्यटकाच्या अपराधीपणानं कुणाचं पोट भरत नाही. वेटरला तुमचे भरलेले डोळे नको असतात, टिप हवी असते. पैसे दिले, सेवा घेतली, दोघंही खूश. यात अनैतिक काय?

अनैतिक काही नाही. कांट नावाच्या तत्त्वज्ञाचं एक म्हणणं इथं कामाला येतं: माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. यातला 'केवळ' महत्त्वाचा. रिक्षावाला, डॉक्टर, वेटर, आपण रोजच एकमेकांची साधनं असतो. त्यात पाप नाही. बिघडतं कधी, तर समोरचा त्यापलीकडे काही आहे हेच आपण विसरतो तेव्हा. पैशानं आपण त्याचे तास घेतो. त्याची जागा, त्याची आठवण, त्याचा राग हे सारं आपल्या बिलात आलेलं नसतं.

म्हणून जे देणं बाकी राहतं ते अपराधी वाटण्याचं नाही, दखल घेण्याचं आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक आणि पाहुणा यांत फरक करतात. गिऱ्हाईक मालाकडे बघतं. पाहुणा घरात शिरल्यावर आधी घरातल्यांकडे बघतो, म्हातारं माणूस कोपऱ्यात बसलं असेल तर त्याची चौकशी करतो, आणि एखादी खोली बंद असेल तर का म्हणून विचारत नाही. 'अतिथी देवो भव' हे आपण यजमानाला इतक्यांदा ऐकवलं, की अतिथीनं कसं वागावं हे सांगायचं राहूनच गेलं.

आपण दोन्हीकडचे

मराठी माणसासाठी यात आणखी एक गुंता आहे. मुंबई बंदरातून गेलेल्या गिरमिटियांत कोकणातली माणसंही होती. मॉरिशसमध्ये आज त्यांचे वंशज आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं आणि आपल्या जाखडीशी नातं सांगणारी 'झाकरी' गणपतीत नाचली जाते. हे कळलं की आपल्याला भरून येतं, आणि आपण लगेच म्हणतो, "आपलीच माणसं!" जरा थांबायला हवं. ती मॉरिशसची माणसं आहेत. घरी क्रिओल बोलतात, त्यांचे शेजारी आणि भांडणं तिथली आहेत. त्यांच्या मराठीचे उच्चार सुधारत बसणं हाही मालकी गाजवण्याचाच प्रकार.

आणि आता कोकणच कुणाचं तरी 'बेट' झालंय. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्लीला स्कूबा आहे, होमस्टे आहेत, घराघरांत त्यातून पैसा येतो आणि तो हवाच आहे. पण पहाटे रापण ओढणाऱ्यांच्या मधोमध उभं राहून रील काढणारा, देवळाच्या आवारात ड्रोन उडवणारा, 'अनटच्ड बीच' असं लिहिणारा पाहुणाही आपण बघितलाय. त्या किनाऱ्याला पिढ्यानपिढ्या हात लागलेत, म्हणून तर तो असा राहिलाय. गोव्यातल्या माणसाला विचारा, तो याहून जास्त सांगेल.

त्यामुळे परदेशी बेटावर कसं वागावं याचं माप शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्या गावात, आपल्या आजीच्या अंगणात एखादा अनोळखी माणूस सुट्टीवर आला, तर त्यानं काय विचारून करावं असं आपल्याला वाटेल? फोटो काढण्याआधी विचारावं. जेवणाचं नाव नीट शिकावं. भाव करताना समोरच्याचा दिवस किती रुपयांचा आहे ते बघावं. आजी काही सांगायला लागली, आणि ते दुःखाचं निघालं, तरी घड्याळाकडे न बघता ऐकावं.

मॉरिशसला जरूर जा. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, बोटीतून उतरलेले मजूर तिथल्या सोळा दगडी पायऱ्या चढून बेटावर आले. शॉपिंगच्या दिवसातला अर्धा तास तिथं जाईल. मग बाहेर येऊन दालपुरीची जोडी घ्या, आणि देणाऱ्याला तिचं नाव त्याच्या भाषेत विचारा.