मध्य कुठे असतो?

1967 च्या शेवरोले कॅमॅरो झेड/28 या गाडीचं इंजिन सुरू करून नुसतं सोडलं, की ते थरथरतं, अडखळतं. नव्या मालकाला वाटतं, बिघडलंय.

कारण कॅमशाफ्टमध्ये आहे. त्याच्या उंचवट्यांमुळे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात. वेगात त्यामुळेच सिलिंडर भरभरून भरतात. मंद फिरताना मात्र जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, व्हॅक्यूम घसरतो. साध्या इंजिनाचे मिनिटाला 600 फेरे इथे पुरत नाहीत. कंपनीनेच 900 ठरवले होते. जाणता मेकॅनिक आधी टायमिंग पाहतो, मग व्हॅक्यूम गेजवर नजर ठेवून मिश्रणाचे स्क्रू जरा जरा फिरवतो.

ॲरिस्टॉटलने ‘निकोमाकियन एथिक्स’मध्ये मध्य कुठे असतो, हाच प्रश्न माणसाबद्दल विचारला. दहा मापं अन्न जास्त, दोन कमी. मग सगळ्यांना सहा द्यायची का? मायलो या मल्लाला ती अपुरी, नवशिक्याला जड. मध्य ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर ठरतो. पण म्हणून तो मनमानी ठरत नाही: 1,500 वर ठेवलेलं तेच इंजिन उभ्या उभ्या पेट्रोल जाळत राहतं.

सुई त्यातल्या त्यात स्थिरावते, स्क्रूवरचा हात थांबतो. बॉनेट अजून थरथरतच असतं.