न केलेल्याचं फळ

शिफ्ट आडवी आली नाही तर एकादशीला मी धापेवाड्याला सायकलनं जातो. कळमेश्वरहून सावनेर रस्ता धरायचा आणि पायडलच्या एका फेऱ्याला एकदा विठ्ठलाचं नाव घ्यायचं. धापेवाड्यालाही चंद्रभागाच आहे. विदर्भाची पंढरी म्हणतात ती हीच.

अडचण चढावर येते. तिथं तोंड उघडतं, नाव तोंडानं आणि श्वासही तोंडानं. नाकातले केस जी धूळ अडवतात तिला मग वाट मोकळी. तेवढ्यात मागून ट्रक येतो, ड्रायव्हर गिअर बदलतो आणि काळा लोट अंगावर येतो. मी श्वास कोंडतो. कुंभकच म्हणा. पण चढावर कुंभक पाच-सहा फेऱ्यांपलीकडे टिकत नाही. सुटला की पुढचा श्वास आणखी खोल जातो, आणि लोट अजून तिथंच असतो. घरी आल्यावर तोंडाला बांधलेला पांढरा दुपट्टा सोडला की नाकातोंडासमोरचा भाग काळपट झालेला. हे झालं दिसणारं. आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड; फुप्फुसात खोल शिरतात ते कण 2.5 मायक्रॉनचे नि त्याहून बारीक. दुपट्टा त्यांना काय अडवणार?

बेल्जियममध्ये 2010 साली एक अभ्यास झाला. सायकलवाला मिनिटाला कारमधल्या माणसाच्या चौपटीहून जास्त हवा ओढतो, असं त्यात निघालं. धूर न सोडणाऱ्याच्या छातीत जास्त धूर!

आपल्या दर्शनांत याला नाव आहे: अकृताभ्यागम. न केलेल्या कर्माचं फळ पदरात पडणं. त्याचा जोडीदार कृतप्रणाश, म्हणजे केलेल्याचं फळ न भोगताच संपणं. ज्या मतात हे दोन दोष येतील ते मत टिकत नाही, असं शास्त्रकार मानत. मला दोन्ही एकाच चढावर भेटतात. पहिला माझ्या छातीत शिरतो, दुसरा काचा लावून पुढं निघून जातो. शास्त्राचं उत्तर तयार आहे, पूर्वजन्म. बरीच वर्षं मला तेवढं पुरलं.

कारखान्यात माझ्या शेजारी काम करणारा मित्र बौद्ध आहे, दसऱ्याला दीक्षाभूमी न चुकवणारा. डबा खाताना त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "भाऊ, त्या ट्रकचा नंबर वाचता येते ना तुमाले? मंग मागचा जन्म कायले शोधता?" वर संयुत्तनिकायातली गोष्ट सांगितली. सीवक नावाच्या परिव्राजकानं बुद्धाला विचारलं, माणूस भोगतो ते सगळं पूर्वकर्मानंच का? बुद्धानं पित्त, कफ, वात, ऋतू अशी आठ कारणं मोजली. कर्म त्यातलं एक.

मी गप्प झालो. पूर्वजन्म मी कुणासाठी पुढं करत होतो? आज धूर सोडणारा त्यात आयता सुटत होता.

पुढच्या एकादशीला मुद्दाम नंबर वाचला. वाचताना ताडपत्रीचा कोपरा उडाला आणि खाली कॉईल दिसली. तिच्यावरची पट्टी आवळायची आमच्या खात्याची पद्धत मी कुठंही ओळखीन. केबिनमध्ये ड्रायव्हर घामानं निथळत होता, दोन्ही काचा खाली. माझा पगार त्याच ट्रकवर लादलेला. मग यातलं अकृत किती, नि माझं किती?

मित्राला हे अजून सांगितलेलं नाही. चढ आला की हल्ली नाव मनातच घेतो, तोंड मिटून. वारकऱ्याला हे शोभत नाही, आणि फेरेही चुकतात.