काटकसर आणि कृपणता

काटकसर आणि कृपणता यांची बाह्य चर्या इतकी सारखी असते कीं, शेजाऱ्यांसही भेद उमगत नाहीं. दोघीही पैपैचा हिशेब ठेवितात. विरलेलें धोतर आणखी एक वर्ष वापरावयास लावतात. मग भेद कोठें? आमच्या मतें, वांचविलेलें कोणाच्या उपयोगीं पडतें, यांत.

धोंडो केशव कर्वे 1891 सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. तेथील आजीव सभासदांचें त्या काळचें वेतन दरमहा सुमारें 75 रुपये. 1896 सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला. पुढें सुटी लागली कीं, ते विश्रांतीस न जातां गांवोगांव वर्गणी मागत हिंडत. कृपणाची सुटीही त्याच्या एकट्याचीच असते. काटकसरी शिक्षकाची सुटीही चार जणांच्या कामीं येते.

परंतु येथें आम्हांस एक इशारा द्यावासा वाटतो. काटकसर हा शिक्षकाचा गुण होय, समाजाचा हक्क नव्हे. आपण होऊन पत्करलेला साधेपणा व्रत ठरतो. लादलेला, केवळ दारिद्र्य. शिक्षकाच्या त्यागाचे गोडवे गाऊन त्याचें वेतन तोकडें ठेवणारा समाज काटकसरी नव्हे, कृपणच; कारण तो जें वांचवितो, तें त्याच्याच मुलांच्या ताटांतलें असतें.