पत आणि पानें

मनुष्याच्या यशांत त्याच्या खऱ्या बळाचा वाटा किती आणि त्याजविषयीं लोकांच्या मनांत बसलेल्या समजुतीचा किती, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. परंतु त्याचें उत्तर पत्त्यांच्या डावांत जितकें उघडें दिसतें तितकें क्वचितच इतरत्र दिसत असेल. शहापूर व मुरबाड या तालुक्यांत भाताची आवणी आटोपून श्रावण लागला, कीं ओटीवर पत्ते निघतात. गणपतीचें जागरण तर पुष्कळ घरीं त्यांवांचून पुरें होत नाहीं. त्यांत रंगते ती तीन पत्ती. पश्चिमेकडील पोकर आणि ही, दोहोंचें मर्म एकच: आपलीं पानें झांकून दुसऱ्याचें मन वाचावयाचें.

या खेळाचें गणित प्रथम पाहिलें पाहिजे. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० निरनिराळे हात होतात. त्यांपैकीं १६,४४० हातांत ना जोड, ना एक रंग, ना क्रम; तिन्ही पानें सारखीं असलेले हात अवघे ५२. अर्थात् चारांतून सुमारें तीन वेळां खेळणाऱ्याच्या हातीं सांगण्याजोगें कांहीं नसतेंच. मग डाव कोण उचलतो? ज्याच्याजवळ कांहीं असावें असें इतरांस वाटतें तो. जो तासभर पानें टाकीत स्वस्थ बसला, त्यानें एकदांच रक्कम वाढविली कीं सगळे बिचकतात. उलट जो पानें न पाहतांच चाल करीत सुटतो, त्याच्या हातीं तीन एक्के आले तरी कोणास खरें वाटत नाहीं, व म्हणूनच त्या वेळीं त्यास भरपूर मिळतें. व्यापाऱ्याच्या पतीसारखीच ही डावावरची पत होय.

मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौष पौर्णिमेस यात्रा भरते. तेथील बैलबाजारांतही विकणाऱ्याची पत चालते. पण घेणारा बैलाचे दांत पाहतो, त्यास चालवून पाहतो. पतीची परीक्षा जिनसेवर होते. पत्त्यांत सगळ्यांनीं माघार घेतली म्हणजे जिंकणारा आपलीं पानें न दाखवितां पैसे ओढतो. त्याची पत खरी होती कीं खोटी, हें कळत नाहीं. यास लबाडी म्हणावें काय? आमच्या मतें नाहीं. पानें झांकणें हा खेळाचा नियमच असून बसणाऱ्या प्रत्येकानें तो पत्करलेला असतो. दोष निराळ्या ठिकाणीं आहे.

तो 'आज याला पानें लागलीं आहेत' या वाक्यांत आहे. पिसलेल्या पानांस स्मरण नसतें. १९१३ च्या ऑगस्टमध्यें माँटे कार्लोच्या जुगारगृहांत चक्रावर लागोपाठ २६ वेळां काळा रंग आला. आतां तांबडा आलाच पाहिजे, या भरंवशावर लोक बुडाले. जिंकणारा जिंकतच जाईल, ही उलट समजूतही तितकीच निराधार. १९८५ मध्यें गिलोविच, वॅलोन व ट्वर्स्की यांनीं बास्केटबॉलच्या खेळाडूंतही असा ओघ आढळत नाहीं असें प्रतिपादिलें. २०१८ मध्यें मिलर व सांहुर्हो यांनीं त्यांच्या गणितांतील दोष दाखवून, खेळाडूंत तो कांहींसा असावा असा निष्कर्ष काढला. खेळाडूचा हात तापतो, मन स्थिरावतें. पत्त्यांस हातही नाहीं आणि मनही नाहीं. तरीही लागोपाठ दोन-तीन डाव मारलेला मनुष्य पुढेंही जिंकतांना दिसतो, हा अनुभव खोटा नव्हे. इतर भितात, लवकर पानें टाकतात, आणि तो रिकाम्या हातानें डाव उचलतो. म्हणजे ओघ पानांत नसून पाहणाऱ्यांच्या मनांत आहे; तें पतीचेंच दुसरें नांव.

परंतु पत ही दुसऱ्यांच्या मनांत ठेवलेली ठेव आहे, हें जिंकणारा विसरतो. तो तिला आपल्या अंगचा गुण समजूं लागला, कीं तिचा धनी न राहतां चाकर होतो. सभापर्वांतील युधिष्ठिर शकुनीचें कसब जाणत होता. तरी आव्हान आलें असतां मागें फिरावयाचें नाहीं, या ब्रीदाखातर तो पटापाशीं बसला. फाशांच्या आधीं त्यास ब्रीदानें जिंकलें. आज समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यांतून गेला आहे. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटला टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. जमिनीचा मोबदला एकदांच येतो, जमीन पुन्हां येत नाहीं. असा पैसा गांठीं असलेल्या गृहस्थास लोक 'दिलदार' म्हणूं लागले, कीं त्यास पानें टाकण्याची लाज वाटते, आणि नांव राखण्यासाठीं तो वाईट हातावरही चाल करीत राहतो.

१८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्यानें निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत. १९६७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रमी ही तीन पत्त्यांच्या खेळाप्रमाणें केवळ दैवाधीन नाहीं असें म्हटलें. दैव किती व कौशल्य किती, हें न्यायालयास ठरवावें लागतें. गृहस्थानें विचारावयाचा प्रश्न याहून वेगळा आहे: जें कौशल्य आहे तें कशाचें? शेजाऱ्याचें भय ओळखण्याचें व त्याच्याच घरच्या पैशानें त्याची किंमत वसूल करण्याचें. चार पैशांच्या डावांत ती करमणूक ठरेल. वर्षाचें भात पटावर आलें म्हणजे ठरणार नाहीं. म्हणून खेळावयास बसणाऱ्यानें पानें टाकण्याची लाज प्रथम टाकावी. ती ज्यास टाकतां येत नाहीं, त्यानें ओटीवर बसूंच नये.